भिंतीवरच्या गुलाबाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, व्यवसाय लेडीज टेलर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलाला तो पटला नाही तर त्याने डॉक्टरांशी भांडावं.

१. राहतं घर मुलाला द्यावं, बँकेतली ठेव लेकीला. शिलाई मशीन सुनेला. तिला शिवता येत नाही, पण कपड्यांचा ढीग ठेवायला ती ते आजही वापरतेच.

२. कुंपणाच्या भिंतीवर चढवलेला गुलाबाचा वेल मात्र मुलाला मिळणार नाही. तो काढून तिथे गाडी उभी करायचा त्याचा बेत आहे. "आई, फुलं काय, बाजारात मिळतात," म्हणतो. शर्टही बाजारात मिळतात. तरी लग्न होईपर्यंत त्याने माझ्याच हातचे घातले. वेल तोडल्यास घर लेकीकडे जाईल. लेकीला हे आधीच सांगितलं आहे, म्हणजे राखण आपोआप होईल.

३. वेल भिंतीपलीकडे राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला द्यावा. वाचणाऱ्याने चष्मा पुसू नये, बरोबर वाचलं आहे. मी इस्पितळात असताना हिने मदत म्हणून तो गुडघ्याएवढा छाटला, आपल्या कुंडीतल्या झुडपांसारखा. हा वेल जुन्या फांद्यांवर फुलतो. त्या वर्षी औषधाला कळी आली नाही. मी म्हटलं, "कात्री हातात आली म्हणून कोणी माळी होत नाही." ती म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवला तर बघा!" तिने शब्द पाळला. मीही माझे शब्द मागे घेतलेले नाहीत.

४. मुळं माझ्या अंगणात असल्याने पाणी घालायला तिला माझ्याच फाटकातून यावं लागेल. मुलाने कुलूप लावू नये. काकूला खुर्ची द्यावी आणि छाटणीची कात्रीही. होय, कात्रीच. पलीकडे झुकलेल्या फांद्या ती कशा बांधते, ते मी मशीनवर बसून खिडकीतून पाहत आले आहे. फांदी आडवी वळवते, जुन्या कापडाची पट्टी लावते, गाठ सैल ठेवते. म्हणून तिकडे फांदीभर फुलं येतात, माझ्याकडे नुसती शेंड्याला. ती माझ्यापेक्षा चांगलं बांधते. मला तिची फार आठवण येते. हे कलम वकिलांनी तिच्यासमोर मोठ्याने वाचावं.

ठिकाण: घरातली शिलाईची खोली. दिनांक: ९ मार्च, रविवार.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार: कोपऱ्यावरचा औषधवाला (सही), समोरचा इस्त्रीवाला (सही).

जावेची साक्ष चालणार नाही, असं वकील म्हणाले. जिला काही मिळतं तिने सही करायची नसते. नाहीतर आजच हाक मारली असती.