सवलत म्हणून दुपारी दोन

बाबा, परवा तुमचं अक्षर पाहिलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. कल्याणच्या ज्या कॉलेजात तुम्ही खेळ शिकवायचात, तिथेच यंदापासून मी शिकवते आहे.

बास्केटबॉलच्या मुली दुपारी दोनला सराव करतात, मुलं साडेपाचला. मार्चमध्ये दोन वाजता ते सिमेंट कसं तापतं, तुम्हाला माहीत आहे. टिटवाळ्याहून येणाऱ्या मुलीच्या तळपायांना बुटातूनही फोड आले. "मॅडम, एक दिवस मुलांना बोलवा ना दोनला," ती म्हणाली, "जरा भाजू दे त्यांना पण." सगळ्या हसल्या. नंतर दोघी हळूच येऊन म्हणाल्या, असंच असेल तर आम्ही सोडतो. आहेतच सात जणी. दोघी गेल्या तर उरतात पाच, आणि एकीला लागलं की संघ संपला.

म्हणून मी विचारलं, हा नियम लिहिलाय कुठे? ऑफिसातल्या काकांनी जुनं रजिस्टर काढलं. "सरांच्या वेळचं आहे हे. आम्ही नाही काही लावलेलं." मुली : दुपारी दोन ते साडेतीन. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, तुमच्या वळणदार अक्षरात : सवलत.

मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. त्याच मैदानावर संध्याकाळी तुम्ही मला न्यायचात. मी दहा-अकरा वर्षांची, त्या उंच मुलांमध्ये. घरी ओट्यासमोरच्या फरशीवर तुम्ही मला चेंडू आपटायला शिकवताय, आई म्हणतेय, "अहो, खालचे येतील आता वर," आणि तुम्ही मलाच रागावताय, "चेंडूकडे बघू नकोस, समोर बघ." मी समोरच बघत होते, बाबा. मैदानावर संध्याकाळी दुसरी एकही मुलगी नसायची, आणि मला ते कधी खटकलं नाही.

मुली अंधार पडायच्या आत घरी पोचाव्यात म्हणून लिहिलं असेल तुम्ही. पालक भांडायला येत असतील. तुमच्या बाजूचं सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण मला घरी आणायला तुम्ही होतात, म्हणून मला संध्याकाळ मिळाली. बाकीच्यांना ऊन दिलंत आणि त्याला सवलत म्हणालात.

मुलींसाठी संध्याकाळ मागायला गेले तेव्हा प्राचार्य म्हणाले, "तुमच्याच बाबांनी घालून दिलेली पद्धत आहे. मुलींच्या काळजीपोटीच ना?"

"हो सर," मी म्हणाले, "पण चुकलं त्यांचं."

तुमच्याबद्दल असं मी कधी मनातही म्हटलं नव्हतं. शेवटी मुलींना एक दिवसाआड संध्याकाळ मिळाली.

बाहेर मुली थांबल्या होत्या, सोडून जाणार होत्या त्या दोघीही. वेळ ऐकून त्यांनी एकमेकींना टाळ्या दिल्या. मग एकीने विचारलं, "पण मॅडम, हा भारी नियम लावलेला कोणी?"

"माहीत नाही गं," मी म्हणाले. "जुना आहे."

आईलाही वेळ बदलली एवढंच सांगितलंय. हे पत्र तिच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवते.