नऊ नंबरचा सोमवार

२ जून, सोमवार
मला डॉक्टर का व्हायचंय? कबूल करते, उत्तर येत नाही. मेडिकलच्या यादीत नाव लागलंय, १३ तारखेला पाचपर्यंत होकार कळवायचाय. म्हणजे उत्तरही तोवर येईलच. लॅब टेक्निशियनच्या कोर्सचा फॉर्म आणून ठेवलाय. फक्त तुलनेसाठी.
संकल्प: तोवर दवाखान्याच्या वॉर्डात मदतनीस म्हणून जायचं. पेशंट जवळून पाहायचे. मग शास्त्रीय पद्धतीने ठरवायचं.
घरात शास्त्रीय पद्धत कुणालाच नको. घरातली पहिली ग्रॅज्युएट होणार म्हणून आधीच डोक्यावर घेतलंय. बाबा पाट्या रंगवतात. माझी रंगवून झालीसुद्धा. त्यात 'डॉ.' एवढं मोठं काढलंय की माझं नाव अंग चोरून बसलंय.

४ जून, बुधवार
काम: कोण किती पाणी प्यायलं, किती लघवी झाली, तक्त्यात लिहायचं. मदतनिसांना निळा एप्रन असतो. होता माझ्या मापाचा, पण निळा मला शोभत नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलचा पांढरा कोट घातला. स्वच्छतेच्या दृष्टीनेही तोच बरा.
नऊ नंबरच्या आजोबांनी हाक मारली, "अहो डॉक्टरीणबाई!" चूक सांगणार होते. त्यांना वाईट वाटलं असतं.

६ जून, शुक्रवार
आजोबांनी विचारलं, "सोमवारी सोडतील का हो घरी?" तक्ता पाहिला. पाणी दीड लिटर. म्हटलं, "नक्की." धीर देणं हा अर्धा उपचार. मोठ्या डॉक्टरांना विचारता आलं असतं, पण ते घाईत होते.
हे काम मला जमतंय.

७ जून, शनिवार
सिस्टर ओरडल्या, "अगं ए, नऊ नंबरला काय सांगून बसलीस? सकाळपासून पिशवी भरून, चपला घालून बसलाय पलंगावर!" मी म्हटलं, किती प्रसन्न दिसतायत. त्या म्हणाल्या, "प्रसन्न? पाय सुजलेत त्याचे. चपला निघेनात!"
सिस्टरना विश्रांतीची गरज आहे.

९ जून, सोमवार
नऊ नंबरवर नवी चादर. सिस्टर म्हणाल्या, "काल दुपारी गेला." मी विचारलं, "घरी?" त्यांनी मला बाजूला घेतलं.
मग सांगितलं. शुक्रवारपासून छातीत कळा येत होत्या. मोठे डॉक्टर रोज विचारायचे, हा रोज म्हणायचा, "एकदम झकास." सोमवार हुकेल म्हणून.
शास्त्रीयदृष्ट्या माझा संबंध सिद्ध होत नाही.
निळा एप्रन घातला. छान बसतो.

१० जून, मंगळवार
वॉर्डात भर दुपारी चपलांचा आवाज. फट्, फट्, नऊ नंबरपाशी येऊन थांबतो. पंखा असावा. काल घरीही ऐकू आला. आमच्या पंख्याला आवाज नाही.
आजोबांची मुलगी पिशवी न्यायला आली. तिला सगळं खरं सांगायचं, असं ठरवूनच पुढे झाले. तिनेच आधी माझा हात धरला. "ताई, बाबा म्हणायचे, इथं एकच डॉक्टरीण खरं बोलते. पांढऱ्या कोटातली. कुठे भेटतील हो त्या?"
मी म्हटलं, आज रजेवर आहेत.
लवकर निघाले. वाटेत थोडं काम होतं.

१२ जून, गुरुवार
घाई नको. अख्खा एक दिवस हातात आहे. साधकबाधक विचार चालू.
शेजारच्या काकू आल्या. गुडघा पुढे करून म्हणाल्या, "बघ गं, बरा होईल ना हा?" म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. काकू आईला म्हणाल्या, "घ्या! आत्तापासूनच भाव खातेय!" दोघी हसल्या.
हसू थांबल्यावर ऐकलं. चपलांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला होता. मागे वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नसणारच.
संकल्प: उद्या सात वाजता उठून, कोऱ्या मनाने निर्णय.

१३ जून, शुक्रवार, संध्याकाळ
सातला जाग आली नाही. दहाला आईने विचारलं, होकार कळवलास का? म्हटलं, लॅबचा कोर्स करावा म्हणते.
आईने विचारलं, "तिथं माणसं नसतात?"
म्हटलं, नसतात. नळ्या असतात, त्यांवर नंबर असतात. जे दिसेल ते लिहायचं.
बाबा कितीतरी वेळ ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, "पाचपर्यंत वेळ आहे ना? नीट विचार कर, बाळा. आमच्यासाठी नको, पण कर."
मी हो म्हटलं. पाच वाजेपर्यंत खिडकीत बसून दोन्ही बाजूंनी विचार केला. आई दोनदा चहा ठेवून गेली, पावलं न वाजवता.
लॅबचा फॉर्म मी मंगळवारीच भरून दिलाय. मेडिकलची जागा सोडल्याचं पत्रही, त्याच दुपारी.