इस्त्रीखाली गेलेला ओढा

२ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस, शि. सा. न.

शाळेतल्या गुरुजींनी स्वतः केलेली ओढ्याची कविता सोबत पाठवतोय. कुठल्याच पुस्तकात नाही ती, आपल्या दोघांच्याच डोक्यात उरलीय. पहाटे पडल्या पडल्या आठवली तशी सूनबाईला सांगितली, तिने तुझ्या चष्म्याला सोसेल अशा ठसठशीत अक्षरांत छापली.

पण कागद बघ, किळस येते! नवं यंत्र आणलंय घरात. छापलेला कागद त्यात तापवला की शाई नाहीशी, मग त्यावरच पुन्हा छापायचं. कागद वाचतो म्हणे. मागे विजेच्या बिलाचे पुसट डाग दिसतायत ना? कुणाच्या तरी उष्ट्या ताटात कविता वाढल्यासारखं वाटतं.

लोभ आहेच, आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. पुटपुट्यास, अ. उ. आ.

अरे, घात झाला. घड्या मोडाव्यात म्हणून सवयीने कागदावरून इस्त्री फिरवली, आणि अख्खा ओढा वाहून गेला! वाचायला चष्मासुद्धा लावला नव्हता रे. हसू नकोस, दुसरी प्रत धाड. सूनबाईवर डाफरू नकोस, इस्त्री माझी होती.

तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

हसतोय कुठला! दुसरी प्रतच नाही. छापून झालं की सूनबाई मजकूरही काढून टाकते, तिला पसारा खपत नाही. माझी पहिली दोन कडवी पाठ आहेत. तिसरं, सगळ्यांत गोड, काही केल्या आठवत नाही. गुरुजींची शेवटची खूण त्या घाणेरड्या कागदावर ठेवली, गेली.

सूनबाई म्हणते, कागद फ्रीजरमध्ये ठेवा, गारठला की शाई परत उमटते. म्हणजे आता कविता मटारच्या पिशवीखाली! शी! पण ताई, ठेवच.

तुझा धाकटा

२० फेब्रुवारी

चि. पुटपुट्यास, अ. उ. आ.

उमटलं बाबा सगळं. खाली विजेचं बिल, त्यावर सामानाची यादी, साबण, झाडू, फिनेल, आणि फिनेलच्या डोक्यावरून तुझा ओढा. मलाही शिसारी आली. चांगल्या जाड कागदावर दौतीतल्या शाईने उतरवून घेतलं. तिसरं कडवं असं:

ओढा गेला, गोटे उरले,
गोट्यांनाही पाणी स्मरले.

पण गुरुजींच्या कवितेला दोनच कडवी होती. फळ्यापुढे उभं राहून वर्गाला ती मीच म्हणून दाखवायचे, विसरलास? हे तुझं आहे, वेड्या. पहाटे सुचलं, आणि तुला वाटलं आठवलं.

तो घाणेरडा कागद फ्रीजरमध्येच राहू दिलाय. मटार हलवलेत.

लोभ असाच ओला ठेव.

तुझी ताई