हजेरीच्या कागदावरची सही

१ फेब्रु., रविवार

सोसायटीची सभा. वेळ दहाची, सुरू अकराला. दारातच हजेरीचा कागद, सही करा, मग खुर्ची, चहा, वेफर्स. नेहमीचंच. एक तास लिफ्ट, एक तास पाण्याची टाकी. सेक्रेटरी कर्णिक 'आता ऐनवेळचे विषय' म्हणाला तेव्हा मी उठले. हे पुण्याला भावाकडे गेलेत आणि नंदू घरी एकटा. भूक लागली की गॅसशी खेळतो.

टाकी कधी धुणार ते ठरलंच नाही.

९ फेब्रु., सोमवार

मागच्या मोकळ्या प्लॉटच्या पत्र्यावर पालिकेची नोटीस. प्रौढ दिव्यांगांसाठी दिवसभराचं केंद्र बांधायचा प्रस्ताव. हरकती, सूचना शुक्रवारपर्यंत, सुनावणी १८ला.

तीनदा वाचली. माझा नंदू सत्तावीस वर्षांचा आहे, अक्कल सात-आठ वर्षांची. अठरापर्यंत शाळा होती, मग चेंबूरचं वर्कशॉप. लिफाफे छान करायचा, कडा अगदी सरळ. ते बंद पडून दोन वर्षं झाली. आता घर नाहीतर गेट. गेटवर उभं राहून सगळ्यांना गुड मॉर्निंग, संध्याकाळी सातलासुद्धा.

केंद्र झालं तर भिंतीपलीकडे. रस्ता ओलांडायला नको, रिक्षा नको. मी पडले, आजारी झाले तरी तो स्वतःचा स्वतः जाईल. भाजी तशीच ठेवून ओट्यापाशी रडले. आनंदानं रडायची सवयच राहिलेली नाही.

१२ फेब्रु., गुरुवार

वॉर्ड ऑफिसात पाठिंब्याचं पत्र द्यायला गेले. क्लार्कनं पत्त्यावर नजर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या सोसायटीची हरकत आलीय ना कालच. सर्वानुमते ठराव. तुमचंही नाव आहे."

म्हटलं, शक्यच नाही. त्यानं फाइल उघडून दाखवली. ठराव लेटरहेडवर. केंद्राऐवजी बाग आणि पार्किंग करा म्हणे. मागे जोडलेला एकतीस सह्यांचा कागद. अकरावी सही माझी.

तो हजेरीचा कागद होता. माझ्याच हातची सही. वरचं 'उपस्थिती' झेरॉक्स काढताना झाकलंय, पट्टी लावल्याची रेघ स्पष्ट दिसते. म्हणजे ऐनवेळचा विषय हा होता. कर्णिकला नोटीस लागायच्या आधीच कुणकुण होती, आणि मी उठून येईपर्यंत तो थांबला होता.

बँकेत तीस वर्षं लोकांच्या सह्या पडताळल्या मी.

१३ फेब्रु., शुक्रवार

कर्णिकच्या दारात उभी राहून भांडले. आत या म्हणाला, नाही गेले.

"वहिनी, पर्सनल घेऊ नका हो. नंदू आपलाच आहे."

"मग विरोध कुणाला?"

"बाहेरून येणार ना मुलं. मुलं कसली, चांगले बाप्ये. व्हॅन, गोंधळ. आमच्या पोरीबाळी खाली खेळतात."

म्हटलं, नंदूही बाप्याच आहे. तुमच्या पोरीला सायकल धरून चालवायला कुणी शिकवली?

"तेच म्हणतोय ना मी, तो वेगळा."

आणि सही? तर म्हणे, हजर होतात म्हणजे संमती, सभेचा नियमच आहे. नियम म्हणे! शेजारच्या दोन दारांच्या फटी किलकिल्या झाल्या आणि लागल्या. घसा बसलाय ओरडून. बसू दे.

१४ फेब्रु., शनिवार

हे पुण्याहून आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उगाच वाकड्यात शिरू नकोस. इथंच राहायचंय आपल्याला."

मी म्हटलं, नंदूलाही इथंच राहायचंय. आणि पानं वाढली.

दुपारी तिसऱ्या मजल्यावरची सुलभा आली. बावीस वर्षांची मैत्रीण, तिची मुलगी नंदूला राखी बांधते. "अगं, मीपण हजेरी म्हणूनच केली गं सही. मलाही नाही थांबता आलं शेवटपर्यंत. शप्पथ!" गळ्यात पडून रडली. निदान एक माणूस आहे या बिल्डिंगमध्ये.

१८ फेब्रु., बुधवार

सुनावणी. नंदूला नेलं, मुद्दाम. बघू दे ना सगळ्यांना, कुणाविरुद्ध ठराव केलाय ते. ह्यांना बरं नव्हतं. अशा दिवशी ह्यांना बरं नसतंच.

नंदू कर्णिकला बघून उठलाच. "काका, गुड मॉर्निंग!" कर्णिकनं फाइलमध्ये तोंड घातलं. नंदूनं तीनदा म्हटलं, शेवटी मी हात धरून बसवला.

कर्णिक दहा मिनिटं बोलला. 'सामाजिक जाणीव आहेच, पण जागा चुकली' वगैरे. 'असे घटक' म्हणाला. माझा मुलगा घटक.

माझी पाळी आली तेव्हा उठून टेबलापाशी गेले. कागदावरच्या पट्टीची रेघ दाखवली. अधिकारी बाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. कर्णिकला विचारलं, "हा हजेरीचा कागद आहे की संमतीचा?"

"मॅडम, आमच्याकडे एकच असतो."

लोक हसले. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, ज्यांनी फक्त हजेरीसाठी सही केली त्यांनी तसं लेखी द्यावं, २७पर्यंत. त्यावर ठरवू. नाहीतर स्थानिकांचा विरोध धरून प्रस्ताव परत जाईल.

२१ फेब्रु., शनिवार

कागद केला. दोनच ओळी, मोठ्या अक्षरात, कुणाला चष्मा शोधायला लागू नये म्हणून. पहिली: मी फक्त सभेच्या हजेरीसाठी सही केली होती. दुसरी: केंद्राला माझा विरोध नाही. खाली माझी सही.

आठ दारं केली. पहिल्या ओळीला सगळे माना डोलावतात. कर्णिकनं फारच केलं, असं करायला नको होतं, चहा घ्या. दुसऱ्या ओळीवर पेन थांबतं. पहिल्या मजल्यावरचे जोशी: "ही दुसरी काढा ना, लगेच करतो." मी विचारलं, म्हणजे विरोध आहे? "नाही हो, विरोध कसा असेल!" मग लिहा ना. "लिहायचं कशाला?"

आठ दारं, सही शून्य, चहा चार कप. ॲसिडिटी.

२४ फेब्रु., मंगळवार

दुसरी ओळ काढून टाकावी का? बाईंनी तेवढंच मागितलंय. सह्या मिळतील, ठराव पडेल.

नाही काढणार. उद्या केंद्र झालं तर ह्याच लोकांच्या खिडक्यांखालून नंदू जाणार आहे. त्यांच्या मनात काय आहे ते मला बघायचंय. हे म्हणतात, तू हट्टापायी पोराचं नुकसान करत्येस. असेल. पण सही ह्यांनी केली आज, स्वतःहून, सभेला नव्हते म्हणून फक्त दुसऱ्या ओळीपुढे. खाली 'वडील' असंही लिहिलं. मी चहा करून दिला.

२६ फेब्रु., गुरुवार

सुलभाकडे शेवटी गेले. घरचंच माणूस, केव्हाही करेल म्हणून मागे ठेवलं होतं. तिनं कागद घेतला, वाचला, परत वाचला. पंखा बंद केला, पुन्हा लावला.

"आमचे हे नको म्हणतायत गं."

"आणि तू?"

तिनं कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "तेव्हा न वाचता केली, तेच बरं होतं बघ."

मी कागद घेतला आणि जिना उतरून आले. तिनं हाक मारली, थांबले नाही.

घरी येऊन टेबलावर कागद ठेवला. उद्या द्यायचाय. दोन सह्या, आई आणि वडील. नंदू शेजारी येऊन बसला, खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "माझी?" त्याला सही येते. वर्कशॉपमध्ये चार वर्षं लावून शिकवली होती.

पटकन म्हणाले, "तू सोसायटीचा मेंबर नाहीयेस ना रे."

बोलून गेले आणि तोंड कडू झालं. इतक्या लोकांचे मी उंबरे झिजवले, भांडले, ओरडले. तुला जायचंय का तिथं, हे ह्याला अजून विचारलंच नाहीये मी.

पेन त्याच्यासमोर ठेवलंय. तो वाचतोय, एकेक अक्षर लावून. पहिल्या ओळीवर आहे.