भरतीचा हिशेब

आये, काल कोळगावच्या विज्ञान प्रदर्शनात तुझा भरतीचा हिशेब मांडला होता. हसू नकोस. तू गेल्यापासून दर शनिवारी मी बोईसरला मुलींचा विज्ञानवर्ग घेते, कारखान्याच्या लॅबमधली नोकरी सांभाळून. काही जणी डोंगरातल्या पाड्यांवरून वसतिगृहात आलेल्या, काही आपल्याच किनाऱ्यावरच्या. घरात आधी कुणी विज्ञान शिकलेलं नाही. वर्गात नुसता मासळीबाजार असतो, पण प्रयोग मात्र चोख करतात पोरी.

तू ओटीवर बोंबील निवडत बसलेली असायचीस. मी शाळेतून येऊन विचारायचे, आज भरती कधी? तू घड्याळाकडे बघायचीसच नाहीस. "आज चवथ हाय ना? चार बोटं धर, एक मिट. तीनला भरती." अष्टमी असली की आठातली दोन मिटायची, सहाला भरती. तिथीच्या पाऊणपट, संपलं. नववीत गेले आणि मी शहाणी झाले. "तुझं पंचांग घाल चुलीत, विज्ञानात असं नसतं," असं तुला तोंडावर म्हणाले. तू हातातला बोंबील न सोडता म्हणालीस, "तुज्या इज्ञानाला बोटं नाय काय?" आणि मग मला जेवायला वाढलंस, रोजच्यासारखं.

यंदा मुलींना तोच हिशेब तपासायला दिला. नवापूरच्या खाडीत खुणा रंगवलेला बांबू रोवला आणि पाणी कुठवर चढलं ते दर दहा मिनिटांनी वहीत लिहायचं. पाड्यावरची एक पोर समुद्र पहिल्यांदाच बघत होती. गुडघाभर चिखलात उभी, वही डोक्यावर धरलेली. पाच शनिवार गेले, आणि तुझा हिशेब अर्ध्या तासाच्या फरकात बसत राहिला. सहाव्या शनिवारी ती वर्गात ओरडलीच, "बाई, चांद रोज पाऊन तास उशिरा येतो, म्हनून पानीबी उशिरा येतं!" मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. मग तिनं विचारलं, "ह्यो हिशेब कुनाचा?" मी म्हणाले, पुस्तकातला. तोंडातून गेलं खरं. बाईनं शिकवलेलं पुस्तकातलंच असायला हवं ना!

प्रदर्शनात परीक्षकांनी तेच विचारलं. पोर ताठ मानेनं म्हणाली, "पुस्तकातला." "कुठलं पुस्तक?" ती माझ्याकडे बघायला लागली. परीक्षकांचं पेन थांबलं. पोरीनं हे कुठून तरी उतरवून आणलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिचे पाच शनिवारांचे कष्ट माझ्या एका थापेपायी पाण्यात जाणार होते. मी पुढे होऊन म्हणाले, "साहेब, पुस्तक नाय. माज्या आयेचा हिशेब हाय. नवापूरला मासं विकायची ती, शाळेत नाय गेली." किती वर्षांनी चारचौघांत तुझी बोली तोंडात आली गं! साहेबांनी चष्मा काढला आणि पोरीला बोटांवर करून दाखवायला सांगितलं. तिनं अष्टमी मांडून दाखवली, मग त्यांनी सांगितलेली सप्तमीही, सव्वापाचपर्यंत अचूक.

दुसरा नंबर आला. बाहेर वडापाव खाताना तिनं मला चांगलंच झापलं. "आदी सांगायचं ना, बाई! मीबी माज्या आयेला इचारलं असतं. तिला पावसाचं लय कलतं." आता पुढचा प्रयोग तिच्या आयेला विचारून ठरणार आहे. तिनं माझी परवानगी मागितली नाही, नुसतं कळवलं.

हे पत्र वहीतच राहील, ठाऊक आहे. सगळे म्हणाले, बाईंनी आईचं नाव काढलं. मीही मान डोलावली. पण तुला खरं सांगते, आये. साहेबांनी पुस्तकाचं नाव विचारलं नसतं, तर मी गप्पच बसले असते.