कमाल तापमान

ता. ३, सोमवार

आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी आणि मुख्य म्हणजे राहायला आपली जागा. खाली गोठवलेल्या मालाचा डेपो, वर माझ्या दोन खोल्या. कामावर जायचं म्हणजे फक्त जिना उतरायचा. खिडकीतून बसथांबा दिसतो. भिंगरीला ही खिडकी भलतीच आवडेल. माझी लेक, वय वर्षं सात. एका जागी बसेल तर शपथ. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघी कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहुण्यासारख्या राहिलो. सध्या ती ताईकडे आहे. मी इथे बस्तान बसवलं की सोळा तारखेला ताई तिला घेऊन येणार. मग आम्हाला कुणी ‘किती दिवस आहात?’ म्हणून विचारणार नाही.

मालक भला माणूस आहे. बोलतो कमी, मान जास्त डोलावतो. काम असं: मागे खोलीएवढा फ्रीजर आहे, त्यात मटार, मासे, आइस्क्रीम. तापमान उणे अठराच्या वर चढू द्यायचं नाही. दाराबाहेर भिंतीवर डिजिटल थर्मामीटर आहे. त्याची वायर दाराच्या रबराखालून आत जाते आणि टोकाची सळई अगदी मागच्या मांडणीवर असते. पडद्यावर आत्ताचा आकडा दिसतो. बटण दाबलं की आदल्या दिवसापासूनचा कमाल आणि किमान. रोज सकाळी ते वाचायचं आणि पुसून टाकायचं. संपलं काम! माझ्याआधीची बाई म्हणे एका दुपारी न सांगताच निघून गेली. एवढं सुखाचं काम सोडणारीला काय म्हणावं?

ता. ५, बुधवार

जुना थर्मामीटर अडखळत होता म्हणून मालकांनी नवा आणला. लावण्याआधी सळई बर्फाच्या चुऱ्यात बुडवून बघा, शून्य दाखवायला हवं, असं दोनदा बजावून गेले. बर्फ कुटत कोण बसणार? मी सळई सरळ काखेत धरली, भिंगरीचा ताप बघते तशी. छत्तीस पूर्णांक आठ. पास! तशीच नेऊन मांडणीवर ठेवून दिली. माल भरायला आलेले ड्रायव्हरदादा हसून म्हणाले, ताई, फ्रीजरला तुमचा ताप लागेल हां. मीही हसले.

ता. ६, गुरुवार

सकाळी कमाल आकडा छत्तीस पूर्णांक आठ. दोनदा वाचला, मग कपाळावर हात मारला. अगं बाई, कालची तुझी काखच ती, पुसायची राहिली! आइस्क्रीम दगडासारखं होतं. माझा जीव भांड्यात पडला. आकडा पुसून टाकला.

ता. ७, शुक्रवार

पुन्हा तोच. छत्तीस पूर्णांक आठ. काल मी माझ्या हाताने पुसला होता. दारही दिवसभर उघडलं नव्हतं. मालक म्हणाले सेल बदला. बदलले.

आज मला सारखी हुडहुडी भरतेय. ऋतू बदलत असेल.

ता. ९, रविवार

सेल बदलून उपयोग शून्य. म्हणून सळई नीट बसली आहे का ते बघायला कोट-हातमोजे चढवून आत गेले. सळई जागेवर होती. पण तिच्या शेजारच्या माशांच्या खोक्यावरचं हिम एका ठिकाणी वितळलेलं. पंजाच्या आकाराचं. कुणीतरी उघडा हात टेकून उभं राहिल्यासारखं. मी मोजा काढून माझा पंजा त्यावर ठेवून पाहिला. बरोबर बसला. करंगळी थोडी वाकडी आहे माझी, तीसुद्धा.

पुठ्ठा कोमट होता.

मी घाईघाईने बाहेर आले. मालकांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि तुम्हीच कधीतरी हात टेकला असेल म्हणाले. असेल. पण आजच्याआधी मी आत मोजे कधी काढलेच नव्हते. संध्याकाळी भिंगरीशी फोनवर बोलले. तिने बॅग भरूनसुद्धा ठेवलीय, आणि त्यात फ्रॉक एक नि गोट्याच जास्त आहेत, असं ताई कुरकुरत होती. ते ऐकून बरं वाटलं.

ता. ११, मंगळवार

अंगात कणकण वाटत होती म्हणून भिंगरीचा तापाचा थर्मामीटर लावला. चौतीस. पुन्हा लावला. चौतीसच. चहाचा कप हातात धरला की घोटभर पिईपर्यंत चहा गार होतो. भूक मात्र नेहमीसारखी, दुखत काहीच नाही.

आज ड्रायव्हरदादांबरोबर आत माल लावत होते. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ताई, तुमच्या तोंडातून वाफ कशी येत नाही हो? मी फुंकर मारून पाहिली. खरंच नाही. त्यांची येत होती, ढगच्या ढग.

आणि मागच्या मांडणीपाशी, जिथे कुणीच नव्हतं, तिथेही येत होती. थोडीशी यायची, थांबायची, पुन्हा यायची. ती दादांनीही पाहिली. त्यांनी हातातलं खोकं तिथेच टाकलं. उद्यापासून दुसऱ्या कुणालातरी पाठवतो, एवढंच बोलून ते गेले. मला सोबत चला असं ते म्हणाले असते तर मी गेले असते.

ता. १२, बुधवार

मी जाणार. ठरलं. नोकरी गेली खड्ड्यात, ताईच्या दारात पुन्हा पाहुणी म्हणून उभी राहीन.

पिशवी घेऊन बसथांब्यापर्यंतही पोचले नाही. ऊन अंगावर पडलं आणि उकळत्या पातेल्यात हात घातल्यासारखं झालं, सगळ्या अंगाला. रस्त्यातच बसले. लोक जमले. एका बाईने दंडाला धरून उठवलं आणि ओरडून हात मागे घेतला. रांगत रांगत डेपोत परत आले. शुद्ध आली तेव्हा फ्रीजरच्या दाराला पाठ टेकून बसले होते आणि, खरं सांगायचं तर, फार बरं वाटत होतं.

तापाचा थर्मामीटर आकडाच दाखवत नाही. नुसतं ‘लो’.

ता. १३, गुरुवार

वरच्या खोलीत बसवत नाही. भिंतीसुद्धा भाजतात. फ्रीजरच्या दाराशीच अंथरूण टाकलंय. मालक दोन दिवस फिरकले नाहीत.

पडद्यावर आत्ताचा आकडा उणे अठरा. कमाल आता सदतीस.

दारापलीकडून कुणीतरी गुणगुणतंय — भिंगरीला झोपवताना मी जे गुणगुणते, तेच. मधली ओळ मी नेहमी चुकते. तीही तिथेच चुकली —

ता. १४, शुक्रवार

ताईला फोन केला. भिंगरीला आणू नकोस, काहीही झालं तरी आणू नकोस, म्हणून रडले. ताई वैतागली. म्हणाली, अगं, तुझं चाललंय तरी काय? सकाळी तूच फोन करून म्हणालीस ना, रविवारची वाट नको बघूस, उद्याच आण? आणि सर्दी झालीय का गं, आवाज असा काय येतोय? सकाळी तर चांगली खणखणीत —

मी सकाळी फोन केला नव्हता. फोन रात्रभर डेपोच्या टेबलावर होता.

पुढचं बोलायला गेले तर ओठ हलले, आवाज नाही. ताईने फोन ठेवला.

ता. १५, शनिवार

आत आहे. बाहेर थांबवेना.

ती दारातच भेटली. माझाच चेहरा, गाल लाल, कपाळावर घाम. माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं, बाजूला झाली, मला आत येऊ दिलं आणि बाहेर गेली — दार लावलं, कुलूप नाही. आतून दांडा ढकलला की उघडतं. मला कुणी कोंडलेलं नाही —

पेन गोठलं. पेन्सिल आहे.

बस आली. ताई सामान घेऊन जिना चढतेय. भिंगरीच्या उड्या ऐकू येतात. आई, आई! — तिने हाक मारली आणि तिकडून माझ्या आवाजात ओ दिली गेली.

दार ठोकलं. दोन्ही मुठींनी.

भिंगरी विचारतेय, आई, आत कोण आहे गं? ती म्हणाली, कुणी नाही बाळा, मशीनचा आवाज आहे. पण माझी पोर ऐकणारी नाही. धावत आली. दारापलीकडेच आहे —

मला तिची ऊब लागतेय. एवढ्या जाड दारातून. आठवडाभरात पहिल्यांदा — किती गोड — तोंडाला पाणी सुटावं तशी — हे काय लिहितेय मी, माझी लेक आहे ती —

आता कळलं. दार उघडलं तर मी तिला जवळ घेईन. घेतल्याशिवाय राहवणारच नाही. आणि मग सोडणार नाही, तिची ऊब संपेपर्यंत —

दांडा माझ्याकडे ओढून धरलाय, त्याला लटकलेय. डाव्या हाताने लिहितेय. भिंगरी बाहेरून दार ओढतेय, हसतेय, खेळ वाटतोय तिला — ती दुसरी का अडवत नाही? नुसती बघतेय का?

भिंगरी, ओढू नकोस गं राणी, जा, तिच्याकडे जा, तीच आई तुझी — माझा हात सुट