ज्याला थांबवत नाही, त्याला आधी

त्या सकाळी मी पंप लावला होता, दूध मंद आचेवर ठेवले होते आणि जिना वरून खाली पुसत येत होते. खालच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. तिथे माझी धाकटी सून काम करते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची ती दुभाषी आहे. पडद्यावर एका चौकोनात डॉक्टर बोलतात, दुसऱ्यात रोगी हातांनी बोलतो आणि ही दोघांचे एकमेकांना सांगते, शांतपणे, आवाज न चढवता. म्हणून ती ओरडली तेव्हा माझ्या हातातले फडके थांबले.

"दिसतंय का? माझे हात दिसतायत का?"

वरच्या मजल्यावर थोरला मुलगा समारंभांचे व्हिडिओ गिऱ्हाइकांना पाठवत होता. खाली सुनेचे चित्र गोठले होते. मी धावले. तोवर दूधही उतू गेले.

सून स्वयंपाकघरात आली ती पांढरीफटक. "आई, पोटात दुखतं ते जेवणाआधी की नंतर, एवढंच विचारायचं होतं. माझा हात 'आधी'वर अडकला आणि पलीकडच्या बाईंनी मान डोलावली. डॉक्टरांनी ते लिहूनसुद्धा घेतलं! मी लगेच डॉक्टरांना फोन करून निस्तरलं, पण दर वेळी कळेलच असं नाही. इतरांचं चित्र अडकलं तरी आवाज पोचतो हो. आमच्यात चित्र अडकलं की तोंडच बंद."

मग ओटा पुसत म्हणाली, "दुसऱ्या गावच्या कार्यालयात जागा आहे. महिनाअखेर मी छोटीला घेऊन जाते."

छोटी म्हणजे माझी नात. तिचा बाप, माझा धाकटा, जहाजावर असतो. त्या दोघी गेल्या की खालची खोली रिकामी आणि मीही तशीच.

आता रीतीप्रमाणे लिहिते. मी, खाली सही करणारी, कैलासवासी रेडिओवाल्यांची पत्नी, वयाने सत्तरीला टेकलेली, पूर्ण शुद्धीत, चष्म्यासह डोळे ठीक, कोणाच्याही धाकात किंवा भिडेत नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी लिहिलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही. वकीलबाईंनी उद्गारचिन्हे खोडली होती, ती मी परत घातली. वकीलबाई विचारतात, दूध उतू गेल्याची हकीकत मृत्युपत्रात कशाला? कारण वाटणी कशी करावी हे मला त्याच दिवशी कळले. त्यापूर्वी दोन वर्षे मी कागद पुढ्यात घेऊन बसत होते आणि अर्धे-अर्धे यापलीकडे सुचत नव्हते.

कलम १. घरातली इंटरनेटची लाइन आणि राउटर.

हे कलम घराच्याही आधी घेतले आहे. नणंदबाईंना ते विचित्र वाटेल. वाटू दे.

माझ्या यजमानांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. मी शाळेत गेले नाही. दुकानात यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका पाहून अक्षरे शिकले. स्वतःहून वाचलेला माझा पहिला शब्द 'धोका', रेडिओच्या पाठीवरचा. तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. राउटरची तेवढी राहिली होती. तो यजमानांचा, त्यांच्या फळीवरचा. ते गेल्यावर मी त्यावरची धूळ झटकायची, हात लावायची नाही.

त्या दुपारी पुस्तिका काढली. त्यात एक प्रकरण होते: कोणत्या यंत्राला आधी वाट द्यायची ते ठरवण्याचे. वाचता वाचता मी उभीच राहिले! पुस्तिका म्हणते, ही सोय चालू करताना आपल्या लाइनचा एकूण वेग इथे लिहा, खऱ्यापेक्षा किंचित कमी. म्हणजे गर्दी झाली तर रांग राउटर लावेल. नाहीतर रांग बाहेर कुठेतरी लागते आणि तिथे आपले कोणी ऐकत नाही.

मी थोरल्याला हाक मारली. त्याने फोनवर राउटरचे पान उघडून दिले. यजमानांनी ती सोय चालू केली होती आणि वेगाच्या रकान्यात त्यांच्या वेळच्या बारीक लाइनचा आकडा होता.

"आई गं!" थोरला म्हणाला. "दोनदा मोठा प्लॅन घेतला मी. आणि हा पठ्ठ्या अजून बाबांच्या आकड्यालाच धरून बसलाय?"

"त्याला कोणी सांगितलंच नाही तर तो तरी काय करणार?"

दोन वर्षे हे घर एकमेकांवर चिडत होते. थोरला म्हणायचा, खाली दिवसभर व्हिडिओ चालतो. सून म्हणायची, भाऊजी सगळं ओढून घेतात. दोघे मिळून कंपनीला शिव्या द्यायचे. नदी आली होती दारापर्यंत आणि उंबऱ्यात आम्हीच जुनी तोटी बसवून ठेवली होती.

थोरला म्हणाला, "ती सोयच बंद करून टाकू." केली. वेग असा वाढला की तो वरून ओरडला, "गेली! अख्खी फाइल गेली!" पण त्याने पुढची फाइल पाठवायला घेतली आणि सुनेचे चित्र पुन्हा लटपटले. म्हणजे नुसती रुंद वाट पुरत नाही. वाट रुंद असली तरी एखादी मालगाडी ती भरून टाकते.

म्हणून सोय परत चालू केली, आकडा नव्या लाइनचा घातला आणि यादी पाहिली. सुनेचे यंत्र यादीत नव्हतेच. यादी केली तेव्हा ती कार्यालयात जाऊन काम करायची. पहिल्या जागेवर होती यजमानांची टॅब्लेट. शेवटच्या आजारात डॉक्टर त्यांना त्यावरून पाहायचे, श्वास मोजायचे. त्यांनी स्वतःला पहिले ठेवले याचा मला कधी राग आला नाही. तेव्हा त्यांना थांबवत नव्हते.

सून हळूच म्हणाली, "बाबांना तिथेच राहू द्या, आई. माझं खाली घाला."

पुस्तिकेतही तसेच आहे: पहिल्या जागेवरचे यंत्र काही मागत नसेल तर वाट अडत नाही, मागच्यांना मिळते. मग सुनेला दुसरी जागा दिली. थोरल्याने मुद्दाम मोठ्यात मोठी फाइल सोडली. खाली सुनेने सहकारिणीला पडद्यावर बोलावले, दोघींनी हात भराभर हलवले आणि एकदाही काही अडकले नाही! छोटी खुर्चीवर चढून नाचली. थोरल्याची फाइल थोडी सावकाश गेली, पण गेली. तो चहा पीत बसला होता, त्याचे काय बिघडले?

आनंदात माणूस काय करतो? घरच्या माणसाला सांगायला जातो. मी टॅब्लेट कपाटातून काढली, पुसली आणि चार्जिंगला लावली. म्हटले, जरा उजेड पडू दे.

संध्याकाळी सुनेचे काम सुरू झाले आणि पडद्यावर समोरच्या माणसाचे हात हवेत गोठले.

सून बाहेर आली. या वेळी ती ओरडली नाही, त्याचीच मला भीती वाटली. "राहू द्या, आई. तुम्ही खूप केलंत. मी जातेच."

थोरला राउटरचे पान बघत होता. "थांब जरा. कोणीतरी पहिल्या जागेवरून सगळं ओढतंय." मग माझ्याकडे वळला. "आई, बाबांची टॅब्लेट कोणी लावली?"

दोन वर्षांची साचलेली अपडेट ती एकदम उतरवून घेत होती, आणि पहिल्या जागेवर असल्यामुळे राउटर सगळ्यांना बाजूला सारून तिलाच वाट देत होता.

मी म्हणाले, "मेले तरी घाई सुटली नाही!"

आधी कोणी हसले नाही. मग सून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग आम्ही सगळेच.

म्हणून आज्ञा अशी: लाइन कोणा एकाच्या मालकीची असणार नाही. पैसे सगळ्यांनी भरावेत. रांग लावताना मोठा-धाकटा, कमावता-न कमावता पाहू नये. ज्याचे काम थांबले की माणूस अडतो, तो आधी. ज्याचे काम चहा पिईपर्यंत थांबू शकते, तो मागून. घरात आजारपण आले, छोटीची परीक्षा आली, की रांग बदलावी आणि बदलण्याआधी जेवताना सर्वांना सांगावे. प्लॅन बदलला की आकडाही बदलावा. ही ओळ मी दोनदा वाचून दाखवली आहे.

कलम २. घर.

खालची खोली, तिच्यालगतची मोरी आणि पुढचा ओटा धाकट्या सुनेच्या नावे. धाकट्याच्या नावे नाही, सुनेच्या. तो वर्षातले थोडे दिवस घरी असतो आणि आला की झोपतो. पोरा, रुसू नकोस. बायको घरात घेईलच. ही खोली ती राहिली तरी तिची, गेली तरी तिची. गेली तर तिने कुलूप लावावे आणि किल्ली घेऊन जावे. खोलीच्या आमिषाने तिला बांधून ठेवलेले मला चालणार नाही.

वरचा मजला थोरल्याचा. तो जास्त मोठा आहे हे सुनेने बोलून दाखवले नाही, म्हणून मी लिहिते: गच्ची दोघांची, आणि गळती दुरुस्त करायची ती थोरल्याने एकट्याने.

कलम ३. बँकेतली ठेव.

छोटीच्या शिक्षणाला आधी. तिचे वय थांबत नाही. उरेल ते दोन्ही मुलांना सारखे. इथे अर्धे-अर्धे चालेल, कारण दोघांनाही घाई नाही.

कलम ४. दुकानाची हत्यारे.

तारांना डाख देण्याची सोल्डरिंगची इस्त्री, मीटर, बारीक पेचकस थोरल्याला. जुना मोठा रेडिओ विकू नये. तो लागत नाही, मला ठाऊक आहे. लागावा म्हणून ठेवलेला नाही.

पुस्तिका सर्व छोटीला. तिने वाचाव्यात अशी सक्ती नाही. मात्र नवीन वस्तू घरात आली की पुस्तिका खोक्याबरोबर फेकणाऱ्याला तिने माझ्या नावाने रागवावे.

कलम ५. नणंदबाई.

यजमान गेल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "वहिनी, त्याच्या यंत्रांना हात लावू नकोस, तुझ्यानं जमायचं नाही." मला ते फार लागले, कारण मलाही तसेच वाटत होते. त्याच दिवशी त्यांनी आमची शिडी नेली. ती त्यांच्याकडेच आहे. आता ती त्यांची. फक्त ती मी दिली असे समजावे, त्यांनी नेली असे नव्हे.

कलम ६. शेजारचे मास्तर.

बरीच वर्षे ते आमचा पासवर्ड वापरत आले आहेत. आम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. त्यांना पाहुण्यांची वेगळी जोडणी द्यावी, उघडपणे, दारात जाऊन. जागा रांगेत शेवटची. तक्रार करतील तर त्यांना हे कलम दाखवावे. यजमानांच्या आजारात रात्री-अपरात्री गाडी त्यांनीच काढली होती, म्हणून कायमचे.

कलम ७. माझे कपडे, भांडी, चष्मा.

ज्याला लागेल त्याने घ्यावे. भांडू नये, आणि भांडायचेच असेल तर सुनेच्या कामाची वेळ सोडून.

हे सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि मला पटले. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

साक्षीदार पहिले: शेजारचे मास्तर. कलम सहा त्यांना वाचू दिलेले नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार असू नये. पासवर्ड त्यांच्याकडे आधीपासूनच आहे, असे मी उत्तर दिले. त्यांनी डोक्याला हात लावला आणि दुसरे दोघे शोधायला सांगितले. म्हणून मास्तरांचे नाव खोडले आहे.

साक्षीदार: कोपऱ्यावरची औषधवाली. (सही)
साक्षीदार: लाइन जोडून देणारा वायरमन. (सही)
लिहून देणार: रेडिओवाल्यांची पत्नी. (सही, अंगठा नव्हे)

स्थळ: राहत्या घरातले स्वयंपाकघर.
दिनांक: महिन्याचा शेवटचा दिवस. सुनेची बॅग माळ्यावर आहे. ती खालच्या खोलीत कामावर आहे आणि अर्ध्या उघड्या दारातून तिचे हात हलताना मला दिसत आहेत.

एक लिहायचे राहिले. टॅब्लेटच्या त्या संध्याकाळी मी यादीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप लावला, दूध तापवले, जिना पुसला. मग राउटरचे पान उघडले, सुनेचे यंत्र पहिल्या जागेवर घातले, आणि यजमानांचे अगदी खाली, माझ्या फोनच्या शेजारी.